पोट एका फाईलीत, सांधे दुसऱ्या फाईलीत

आमच्या कपाटाच्या वरच्या कप्प्यात दोन फाईली होत्या, एक निळी आणि एक हिरवी. निळी पोटाची, हिरवी सांध्यांची. पोटाच्या डॉक्टरांकडं जाताना निळी घ्यायची, हाडांच्या डॉक्टरांकडं जाताना हिरवी, आणि जवळजवळ दोन वर्षं मी हे इतकं मनापासून सांभाळलं की एका फाईलीतला कागद कधी दुसरीत जाऊ दिला नाही. मला वाटायचं डॉक्टरांचा वेळ जायला नको, त्यांना त्यांच्यापुरतं दाखवावं. गेल्या महिन्यात मैत्रिणीच्या बहिणीचा फोन आला, निपाणीकडची आहे, पोट दुखतंय, गुडघे सुजतायत, आणि तीपण दोन डॉक्टरांकडं दोन वेगळे कागद घेऊन फिरतेय. तिला फोनवर दीड तास जे सांगितलं ते इथं लिहून ठेवतेय, अजून कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

सुरुवात 2022 च्या पावसाळ्यात झाली. आमचं गाव खानापूर तालुक्यात, म्हणजे जून-जुलैत सगळीकडं चिखल आणि भाताची रोप लावणी, आणि मी बेळगावला खडेबाजारात एका पतसंस्थेत काउंटरला बसते, सकाळी आठच्या बसनं जायचं ते संध्याकाळी सातला घरी. पहिल्यांदा दुखलं ते ऑफिसातच, डबा खाल्ल्यावर साधारण अर्ध्या तासानं. बेंबीच्या उजव्या अंगाला खाली कळ आली, पोट गुडगुडायला लागलं आणि मग एक गोळा उठला. गोळा म्हणजे खरंच गोळा, हाताला लागणारा. बेंबीपाशी उठायचा, उजवीकडं खाली सरकायचा, तिथं अडकल्यासारखा थांबायचा, मी टेबलाची कड धरून श्वास रोखून बसायची, आणि मग काहीतरी सुटल्यासारखं गुडगुडून कळ ओसरायची. कधी दहा मिनिटं, कधी अर्धा तास. समोर गिऱ्हाईक पासबुक घेऊन उभं असायचं.

आई म्हणाली उपाशीपोटी चहा पितीस म्हणून होतंय. आत्ती, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणाल्या बेंबी सरकलीय. मला उताणं झोपवून बेंबीवर पणती ठेवली, पेटवली आणि वरनं तांब्या पालथा घातला. पणती विझली, तांब्या पोटाला घट्ट चिकटला, थोड्या वेळानं ओढून काढला. आत्तींनी ते अगदी मायेनं केलं आणि दोन-तीन दिवस मला बरंही वाटलं. असं पुढंही खूपदा झालं. ओव्याचा अर्क घेतला, बरं वाटलं. जंताची गोळी घेतली, बरं वाटलं. एका देवस्थानाला नारळ ठेवून आलो, आठवडाभर बरं होतं. त्या दुखण्याचा स्वभावच येऊन-जाऊन राहायचा होता, त्यामुळं ज्या दिवशी जे केलं त्याचा गुण आला असं वाटायचं आणि मूळ तसंच राहायचं. हे कळायला मला फार उशीर झाला.

सांधे धरले ते त्याच वर्षी नवरात्रात. सकाळी उठले तर उजवा गुडघा भोपळ्यासारखा, गरम लागत होता, वाकेना. आठवड्यानं तो उतरला आणि डावा घोटा सुजला. आमच्या भागात सांधे दुखले की पहिलं नाव चिकनगुनियाचं निघतं, 2006 ची ती साथ कर्नाटकात ज्यांनी बघितलीय त्यांच्या अजून डोक्यात आहे, घरंच्या घरं अंथरुणाला खिळली होती. मला ताप आलेला नव्हता तरी सगळे म्हणाले आतल्या आत येऊन गेला असेल. तपासण्या केल्या. चिकनगुनिया निगेटिव्ह, संधिवाताचा आरए फॅक्टर निगेटिव्ह, युरिक ॲसिड नॉर्मल. ईएसआर, म्हणजे अंगात कुठं सूज आहे का ते सांगणारी रक्ताची तपासणी, मात्र वाढलेला, 62 आला. त्या आकड्याभोवती डॉक्टरांनी पेनानं गोल केला आणि म्हणाले कुठंतरी इन्फेक्शन असेल. अँटिबायोटिकचा कोर्स दिला. तो कागद हिरव्या फाईलीत गेला, आणि पोटाच्या डॉक्टरांना हा 62 कधी दिसलाच नाही, कारण मीच दाखवला नाही.

2023 च्या जानेवारीत एका रात्री कळ इतकी आली की उलट्या सुरू झाल्या, ह्यांनी शेजाऱ्याच्या गाडीतनं बेळगावला नेलं. उजवीकडं खाली दुखतंय, सोनोग्राफी झाली, अपेंडिक्स म्हणाले. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन. सोनोग्राफीच्या रिपोर्टात खाली बारीक अक्षरात आतड्याची भिंत थोडी जाड दिसतेय आणि आजूबाजूच्या गाठी वाढल्यात असं एक वाक्य होतं. ते मी वर्षभरानं वाचलं. काढलेल्या अपेंडिक्सच्या रिपोर्टात विशेष सूज नाही असं आलं होतं, तेही कुणी बोलून दाखवलं नाही, मीही विचारलं नाही, टाके काढायला गेले तेव्हा रिपोर्ट फाईलीला लावून दिला एवढंच. मला डॉक्टरांवर राग काढायचा नाहीय, रात्री दोन वाजता समोर जे दिसतं त्यावर माणूस निर्णय घेतो. पण टाके सुकायच्या आत परत गोळा उठला आणि तेव्हा मी न्हाणीत दार लावून खूप रडले.

मग 2023 पूर्ण गेलं पेनकिलरवर. हाडांच्या डॉक्टरांनी डायक्लोफेनॅक, नंतर ॲसिक्लोफेनॅक, सोबत गॅसची गोळी. गुडघा त्यानं हलका व्हायचा. पोट मात्र त्या काळात पार बिघडलं, दिवसातनं पाच-सहा वेळा जावं लागायचं, कधी काळपट. पोटाचे डॉक्टर म्हणायचे आयबीएस आहे, म्हणजे आतड्याला सूज-जखम नसताना पोट बिघडत राहणं, तिखट बंद करा, टेन्शन घेऊ नका. नंतर समजलं की या जातीच्या पेनकिलरनं आतड्याची सूज असलेल्या माणसाचं दुखणं उसळू शकतं. म्हणजे हिरव्या फाईलीतलं औषध निळ्या फाईलीतला आजार वाढवत होतं. पोटाच्या डॉक्टरांना मी रोज दोन पेनकिलर घेते हे माहीत नव्हतं. त्यांनी विचारलं होतं दुसरी काही औषधं चालू आहेत का, आणि मी म्हणाले बीपी-शुगरचं काही नाही हो. मला वाटलं औषध म्हणजे बीपी-शुगरचं. हे वाक्य मी त्या निपाणीच्या मुलीला तीनदा सांगितलं, गुडघ्याची गोळी पण औषधच आहे, मेडिकलमधनं चिठ्ठीशिवाय आणलेली असली तरी.

आता एक गोष्ट, जी बेळगाव भागातल्या माणसाला लगेच कळेल. मोठ्या दवाखान्यात केसपेपर काढताना खिडकीवरची बाई विचारते, होट्टे नोवा, कीलु नोवा? पोटदुखी की सांधेदुखी. मला कन्नड शाळेत होतं, बसमध्ये-बाजारात बोलता येतं, तेवढ्यावर काम चालतं. पण दुखणं सांगायची वेळ आली की माझी कन्नड संपते. माझ्याकडं कळ आहे, मुरडा आहे, ठणका आहे, चमक आहे, रग आहे, पोटात आवळून येणं आहे, गुडघा भरून येणं आहे, आणि ह्या सगळ्याचं त्या खिडकीवर एकच होतं, नोवु. पुढं डॉक्टर ते इंग्रजीत लिहितात, तिथंपण एकच शब्द. मी घरात आईला जे सांगत होते की गोळा उठतोय, सरकतोय, अडकतोय, सुटतोय, त्यातलं कागदावर काहीच पोचत नव्हतं. ह्यात कन्नडचा दोष नाही, कन्नड माणसाकडंही त्याच्या दुखण्याचे असेच शब्द असणार, आणि तो इंग्रजी लिहिणाऱ्या डॉक्टरापुढं असाच अडत असणार. माझ्या शेजारच्या बाकावर बैलहोंगलकडची एक म्हातारी बसायची, ती पोटावर हात फिरवून फिरवून काहीतरी सांगायची आणि आतनं बाहेर येताना तिच्याही कागदावर तेच लिहिलेलं असायचं.

2024 च्या एप्रिलपर्यंत माझं वजन 54 वरनं 43 वर आलं होतं. साडीचा ब्लाऊज दोनदा आत घेतला. तोंडात सारखी फोडं, तिखट सोडा, साधी आमटी झोंबायची. लोक म्हणायचे उष्णता झालीय, सब्जा घे. मे महिन्यात पतसंस्थेतल्या आमच्या सीनियर मॅडमनी हाताला धरून त्यांच्या ओळखीच्या एका जुन्या एमडी डॉक्टरांकडं नेलं. वय सत्तरीच्या पुढं, मूळचे कन्नड घरातले, पण आयुष्य बेळगावात गेल्यामुळं आमच्यापेक्षा अस्सल बेळगावी मराठी बोलणारे. मी सवयीनं फक्त निळी फाईल नेली होती.

त्यांनी फाईल बाजूला ठेवली. म्हणाले, "कागद मागनं बघतो. बस की. काय काय होऊलालंय, सगळं सांग."

मी म्हणाले पोट दुखतंय.

"आणि?"

आणि गोळा उठतो, मी म्हणाले. ते पुढं सरकले. "गोळा? हाताला लागतोय काय? कुठनं उठतोय, कुठं जातोय, दाखव बघू." मी बोटानं पोटावर वाट काढून दाखवली. त्यांनी हात ठेवून तिथंच दाबलं, उजवीकडं खाली, आणि डोळे मिटून बराच वेळ तसेच थांबले. "हं. इथं अडकतोय आणि मग आवाज होऊन सुटतोय, न्हवं?" दोन वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझं वाक्य माझ्या आधी पूर्ण केलं होतं.

तपासून झालं, मी टेबलावरनं पाय खाली सोडले आणि साडी सारखी करत होते तेवढ्यात त्यांचं लक्ष नडगीवर गेलं. दोन्ही नडग्यांवर लालसर-जांभळ्या टणक गाठी होत्या, रुपयाएवढ्या, हात लागला तरी दुखायच्या. मला वाटायचं मच्छर नाहीतर मुंग्या. "हे कधीपासनं गे?" मी म्हणाले येतात-जातात, सहा महिने. "आणि सांधे?" मी गप्प बसले. सांध्यांची फाईल घरी आहे असं म्हणाले, आणि ते वाक्य तोंडातनं बाहेर पडताना मलाच कसंतरी झालं.

त्यांनी एक कोरा कागद घेतला आणि त्यावर माणूस काढला. लहान पोरं काढतात तसा, गोल डोकं, काठीचे हातपाय. मग एकेक विचारत ठिपका देत गेले. तोंडात फोडं, ठिपका. उजवीकडं खाली पोट, तिथं जाड ठिपका. उजवा गुडघा. डावा घोटा. दोन्ही नडग्या. कंबर सकाळी धरते का, थोडी, तिथं बारीक ठिपका. डोळे लाल होतात, दुखतात, उजेड सोसत नाही असं काही? मी नाही म्हणाले. तर डोळ्यापाशी त्यांनी ठिपका दिला नाही, नुसता रिकामा गोल काढून ठेवला आणि म्हणाले हे कधी झालं तर त्याच दिवशी डोळ्याच्या डॉक्टरकडं जायचं, उद्यावर टाकायचं नाही. मग कागद माझ्याकडं फिरवला. "हे सगळं एकाच बाईचं हाय. एकच दुखणं असणार. आता ते कुठलं, ते शोधूया."

संध्याकाळी घरी येऊन मी दोन्ही फाईली काढल्या आणि सगळे कागद तारखेनं लावले. पोट जास्त बिघडलं त्या महिन्यातच गुडघा सुजलेला होता, तीनदा. कागद दोन वर्षं एकमेकांपासनं एका हाताच्या अंतरावर पडून होते.

रक्ताच्या तपासण्यात हिमोग्लोबिन 8.4 आलं, सीआरपी, तोही सूज सांगणाराच, वाढलेला, बी12 कमी. बी12 आतड्याच्या शेवटच्या टोकाला शोषलं जातं, त्यामुळं तिथलाच भाग खराब असेल असा डॉक्टरांचा अंदाज पक्का होत चालला. आणखी एक शौचाची तपासणी असते, कॅल्प्रोटेक्टिन. आतड्याला सूज असली की पांढऱ्या पेशीतलं हे प्रोटीन शौचात उतरतं. साधारण 50 च्या आत असलं तर ठीक, माझं हजाराच्या वर होतं. नुसत्या टेन्शननं किंवा आयबीएसनं हे इतकं वाढत नाही. तो रिपोर्ट हातात आला तेव्हा आजारी असूनही मला बरं वाटलं, कारण दोन वर्षं मलाच वाटायला लागलं होतं की मी बाऊ करतेय.

जूनमध्ये कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बीण घालून आतडं आतनं बघायचं. आदल्या दिवशी ते पावडरचं पाणी प्यायचं, दोन लिटर, थोडं थोडं करत, आणि नेमकी त्या रात्री पावसानं लाईट गेलेली, न्हाणी परसात, ह्यांनी टॉर्च घेऊन पायरीवर बसून रात्र काढली. खुद्द तपासणीचं मी उगाच भ्यालेले, झोपेचं इंजेक्शन देतात, काही कळत नाही. लहान आतडं मोठ्याला मिळतं त्या कोपऱ्यात जखमा होत्या, जागा अरुंद झालेली. तो गोळा तिथंच अडत होता. तुकडे काढून तपासायला पाठवले आणि आठवड्यानं रिपोर्ट आला की ग्रॅन्युलोमा, म्हणजे सुजेच्या पेशींचे बारीक पुंजके आहेत, टीबी असू शकतो किंवा क्रोन्स, म्हणजे आतड्याच्या कायमच्या सुजेचा आजार.

मला वाटलं होतं तुकडा काढला की निकाल लागतो. पोटाच्या डॉक्टरांनी, ह्या नवीन, बेळगावातल्याच, नीट बसवून समजावलं. आतड्याचा टीबी आणि क्रोन्स दोन्ही नेमके त्याच कोपऱ्यात बसतात, दोन्हीत वजन उतरतं, ताप, कळ, जखमा, दोन्हीत ग्रॅन्युलोमा. कॅल्प्रोटेक्टिन दोन्हीत वाढतं. तुकड्यात टीबीची खास खूण दिसली किंवा जंतू सापडला तर टीबी पक्का, पण आतड्याच्या टीबीत जंतू खूपदा सापडतच नाही. माझी जीनएक्सपर्ट, म्हणजे टीबीचा जंतू शोधायची झटपट तपासणी, निगेटिव्ह आली, कल्चरला, म्हणजे लॅबमध्ये जंतू वाढतो का ते बघायला, सहा ते आठ आठवडे लागणार. आणि चूक झाली तर दोन्हीकडनं महागात. क्रोन्सला स्टेरॉईड देतात, ते टीबी असताना एकटंच दिलं तर टीबी अंगभर पसरू शकतो. जगात सगळ्यात जास्त टीबीचे पेशंट आपल्या देशात, म्हणून इथले डॉक्टर शंका असेल तर आधी टीबीचं औषध देऊन बघतात, आणि दोन-तीन महिन्यांनी परत दुर्बीण घालून जखमा भरल्या का ते तपासतात.

दरम्यान तुकड्यांचा दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टकडनं पण अभिप्राय घेऊया असं ठरलं. हे करता येतं हे मला माहीतच नव्हतं, लॅबमध्ये अर्ज दिला की ते स्लाईड आणि ब्लॉक देतात. ब्लॉक म्हणजे मेणाची चौकोनी वडी, प्लॅस्टिकच्या छोट्या जाळीदार डबीवर बसवलेली, त्यात माझ्या आतड्याचे तांदळाच्या कणीएवढे तुकडे दिसत होते, पिवळट. ते उन्हात ठेवू नका, मेण वितळेल म्हणाले. मी रुमालात गुंडाळून डब्याच्या पिशवीत घातले आणि कोल्हापूरच्या बसमध्ये मांडीवर धरून बसले, निपाणी गेली, कागल गेलं, हात पिशवीवरनं काढला नाही. तिथल्या पॅथॉलॉजिस्टनीही तेच लिहिलं, नक्की सांगता येत नाही, पण क्रोन्सकडं थोडा कल. थोडा कल म्हणजे निकाल नाही. एकेटी सुरू झाली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, एकेटी म्हणजे टीबीच्या गोळ्या. माझ्या वजनाला रोज तीन, सकाळी एकदम. सरकारी नोंदणी झाली, निक्षय नंबर मिळाला, औषध फुकट आणि त्यावेळी खुराकाला महिन्याला 500 रुपये खात्यावर यायचे, त्या नोव्हेंबरपासनं ते 1000 झालेत. पहिल्या दिवशी लघवी भगवी झाली, आधीच सांगितलं होतं म्हणून घाबरले नाही. आशाताई घरी यायच्या, गोळ्यांचं पाकीट बघायच्या, बसून चहा घ्यायच्या. त्यांनी मुद्दाम माझ्याच कपातनं चहा घेतला, सगळ्यांसमोर. कारण तोपर्यंत घरात एक ग्लास वेगळा झाला होता. आतड्याचा टीबी खोकल्यातनं पसरत नाही, माझा छातीचा एक्सरे साफ होता, हे मी दहा जणांना सांगितलं, पण टीबी हा शब्द एकदा गल्लीत गेला की आपल्या आधी पोचतो. माझ्या पहिलीतल्या मुलीला खेळायला बोलवायचे बंद झाले होते. मला माझ्या पोटापेक्षा ते जास्त दुखलं. आशाताईंनी चार घरी जाऊन समजावलं, त्या बाईचे उपकार मी विसरणार नाही.

ह्या तीन महिन्यांत एक घोळ असा की सांधे अजूनच धरले. त्या गोळ्यांमधलं पायराझिनामाइड युरिक ॲसिड वाढवतं आणि त्यानंही सांधे दुखतात. म्हणजे आता गुडघा दुखतोय तो मूळ आजारानं की औषधानं हे कुणालाच सांगता येईना. मी वही घातली. रोज चार ओळी, कुठला सांधा, सकाळी आखडलेला किती वेळ, गोळा किती वेळा, शौच किती वेळा. बेळगावपर्यंत फेऱ्या तर आठवड्याला होत्या, शक्ती योजनेमुळं आमच्या सरकारी बसला बायकांना तिकीट नाही, 2023 च्या जूनपासनं, खरं सांगते ते नसतं तर मी निम्म्या तपासण्या टाळल्या असत्या.

सप्टेंबरात गणपती झाले, आणि अनंत चतुर्दशीच्या पुढच्या आठवड्यात दुसरी कोलोनोस्कोपी. जखमा जशाच्या तशा, एक नवीन. टीबी असता तर एवढ्या दिवसांत भरायला लागल्या असत्या. कल्चरही निगेटिव्ह आलं होतं. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात डॉक्टरांनी कागदावर नाव लिहिलं, क्रोन्स डिसीज.

न्यूयॉर्कच्या तीन डॉक्टरांनी 1932 साली चौदा पेशंटांवरनं हा आजार मांडला, क्रोन, गिन्झबर्ग आणि ओपनहायमर, आणि नावं अक्षरांच्या क्रमानं छापली म्हणून क्रोनचं नाव पहिलं आलं आणि तेच आजाराला चिकटलं. शरीराची राखण करणारी यंत्रणाच आतड्याच्या भिंतीवर उलटते, भिंत आरपार सुजते, तोंडापासनं गुदापर्यंत कुठंही होऊ शकतं. आणि आतड्याबाहेरही, मोठे सांधे, नडगीवरच्या गाठी, डोळे. ह्यातले गुडघा-घोटा सुजतात ते सहसा पोट भडकलं की भडकतात आणि पोट शांत झालं की उतरतात. माझ्या तारखेनं लावलेल्या कागदांवर नेमकं हेच दिसत होतं. कायमचा बरा होत नाही, ताब्यात ठेवता येतो. हे ऐकून ह्यांचं तोंड उतरलं. मला मात्र त्या दिवशी शांत झोप लागली, नाव मिळालं होतं.

स्टेरॉईड सुरू केल्यावर नवव्या दिवशीची गोष्ट. आमच्या स्टॉपला बसची पहिली पायरी उंच असते, दोन वर्षं मी दोन्ही हातांनी दांडी धरून आधी डावा पाय, मग अंग ओढून उजवा, अशी चढायची, मागची माणसं चुळबुळायची. त्या दिवशी मी चढून सीटवर बसल्यावर लक्षात आलं की मी दांडी धरलीच नव्हती. खिडकीकडं तोंड करून रडले. स्टेरॉईड हळूहळू कमी करून बंद केलं, तोंड सुजलं होतं ते उतरलं, आता ॲझाथायोप्रिन चालू आहे, ती उलटलेली यंत्रणा दाबून ठेवणारं औषध. त्याला सुरुवातीला दर दोन आठवड्यांनी रक्त तपासायला लागायचं, आता तीन महिन्यांनी, पांढऱ्या पेशी उतरत नाहीत ना हे बघायला. ती तपासणी चुकवायची नाही, हे सगळ्यात महत्त्वाचं. पेनकिलर विचारल्याशिवाय नाही. पोट भडकलेलं असताना सालीची कडधान्यं, कच्ची काकडी, कणसं बंद, अरुंद जागी अडकतात. मोड आलेल्या मटकीची उसळ आणि भाकरी हे माझं आवडतं जेवण, ते पोट शांत असलं की थोडं खाते. बरेच जण सांगतात ॲलोपॅथी सोड, अमुक काढा घे. ज्यांना सोडायचं त्यांनी आपल्या डॉक्टरांना सांगून तरी सोडावं, मला माहीत असलेल्या एकानं मनानं बंद केलं आणि तीन महिन्यांत आतडं बंद पडून ऑपरेशनला गेला.

वजन आता 51 आहे. हिमोग्लोबिन 11.6. कॅल्प्रोटेक्टिन मागच्या वेळी 180, अजून खाली यायला पाहिजे म्हणतात. गोळा वर्षभरात चारदाच उठला.

निळी-हिरवी फाईल आता नाही, एकच जाड फाईल आहे आणि सगळ्यात वर त्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी काढलेला माणूस आहे, प्लॅस्टिकच्या कव्हरात. कुठल्याही नवीन डॉक्टरांकडं गेले की आधी तो काढून टेबलावर ठेवते, मग बोलते. निपाणीच्या त्या मुलीला पण म्हणाले, कोरा कागद घे, माणूस काढ, जिथं जिथं काही झालंय तिथं ठिपका दे, मग ते तुला किरकोळ वाटत असलं तरी. तिनं काढून फोटो पाठवलाय. तिच्या माणसाला पाच ठिपके आहेत. तिची पुढच्या सोमवारी पोटाच्या डॉक्टरांची वेळ आहे, मी सुट्टी टाकलीय, सोबत जाणार आहे.

परवा सकाळी आरशात बघितलं तर माझा उजवा डोळा लाल होता. दुखत होता, खिडकीचा उजेड सोसेना. आत्ती म्हणाल्या डोळे आलेत, गुलाबपाणी घाल. मी फाईल काढली, त्या माणसाच्या डोळ्यापाशी तो रिकामा गोल अजून तसाच होता. त्यात पेनानं ठिपका दिला, खाली तारीख घातली आणि नऊच्या बसनं डोळ्याच्या डॉक्टरांकडं गेले.